पुढचा मोठा बँड आपल्या भाषेत गाणारा असेल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही 'आता पुढचा मोठा रॉक बँड कोणता' हा विषय घेतला, ते बघून फार बरं वाटलं, कारण मराठी पेपरात रॉकला एवढी जागा मी तरी पहिल्यांदाच बघितली. पण लेख वाचला आणि लगेच पत्र लिहायला बसलो, कारण त्यात जेवढी नावं होती ती बहुतेक इंग्रजीत गाणाऱ्या बँडची, आणि माझं म्हणणं असं आहे की पुढचा मोठा बँड तिथून येणार नाही, तो आपल्या भाषेत गाणारा असेल. हे मी नुसत्या अभिमानापोटी म्हणत नाही, 24 वर्षं साउंडच्या मिक्सरच्या मागे उभं राहून जे बघितलं त्यावरून म्हणतोय.

मी इंदूरला साउंड लावतो. रामबागेत छोटं गोडाऊन आहे, दोन हेल्पर पोरं आहेत, एक लोडिंग रिक्षा आहे. लग्न, भजनसंध्या, गणपती, गरबा, शाळांचं गॅदरिंग, सभा, सगळं करतो, आणि वर्षातून आठ-दहा वेळा बँडचा शो येतो, कधी कॉलेजचा, कधी कॅफेवाल्यांचा. पैसे त्यात सगळ्यात कमी असतात आणि काम सगळ्यात जास्त, एका ड्रमसेटलाच सहा-सात माइक लागतात, पण मला विचाराल तर ती कामं मी सोडत नाही, कारण त्या दिवशी घरी जाताना काहीतरी नवीन ऐकलेलं असतं.

माझी बँड ऐकायची जागा वेगळी आहे हे सांगायला पाहिजे. तुम्ही लोक शो ऐकता, आम्ही त्याच्या दोन तास आधीचा साउंड चेक ऐकतो, आणि बँड काय आहे ते तिथेच कळतं. प्रत्येक जण जेव्हा मला खुणा करून 'माझा आवाज वाढवा, माझा वाढवा' म्हणतो तेव्हा समजायचं की हा बँड दोन वर्षांत फुटणार. आणि ज्यातला गिटारवाला म्हणतो 'काका, माझ्या मॉनिटरमध्ये ड्रम्स थोडे जास्त द्या ना', मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, म्हणजे त्याला दुसऱ्याचं ऐकायचंय, तो बँड टिकतो. टिकणं फार मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे चांगले बँड वाजवता येत नाही म्हणून नाही संपत, नोकरी लागते, लग्न होतं, एक जण बंगलोरला जातो, दुसऱ्याचे वडील म्हणतात आता पुरे, आणि संपतं. 'द लोकल ट्रेन'चंच बघा ना, हिंदीत गाणारा, कॉलेजच्या पोरांना पाठ असलेला बँड, आणि 2022 मध्ये त्यांचा गाणाराच बाहेर पडला.

दुसरी गोष्ट जी मी बघत आलोय ती अशी की बँड इंग्रजी गाणं वाजवतो तेव्हा समोरची पब्लिक गिटारवाल्याच्या बोटांकडे बघते, आणि कळणाऱ्या भाषेतलं गाणं सुरू झालं की नजर गाणाऱ्याच्या तोंडाकडे जाते. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मला पब्लिककडे बघून सांगता येतं गाणं कुठल्या भाषेत आहे. इंग्रजीला माझा विरोध नाही, दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी मला स्वतःला आवडतो, सिक्कीमचा गिरीश अँड द क्रॉनिकल्स तर असा हार्ड रॉक वाजवतो की डोळे मिटून ऐकलं तर कुठले आहेत ते सांगता येणार नाही. पण तीच तर अडचण आहे, कुठले आहेत ते सांगता येत नाही. बाहेरच्या माणसाने आपला बँड का ऐकावा, त्याच्याकडे त्याचे कितीतरी आहेत.

थोडं मागे जातो. मुंबईत 1984 ला रॉक मशीन हा बँड सुरू झाला, पुढे 1993 मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. 1986 पासून रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरायला लागला, मग ती जागा सायलेन्स झोनमध्ये गेली आणि तिथले शो बंद पडले. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे, ती मला मुद्दाम सांगायची आहे, की भारतातल्या रॉकची बातमी गावोगाव पोचवणारं मासिक, रॉक स्ट्रीट जर्नल, हे मुंबई-दिल्लीचं नव्हतं, ते 1993 मध्ये अलाहाबादला सुरू झालं. अमित सैगल नावाचा माणूस, 2012 मध्ये गेला बिचारा, त्याने अलाहाबादसारख्या गावात बसून हे उभं केलं. तेव्हा गाव छोटं असण्याचं कारण मला कोणी देऊ नये, आणि इंदूर तर आता छोटंही राहिलेलं नाही.

मला स्वतःला रॉक कळला तो इंडियन ओशनमुळे. 1990 चा दिल्लीचा बँड. त्यांचा बेस वाजवणारा राहुल राम 90 च्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनात काम करायचा आणि नर्मदेच्या खोऱ्यात लोक रेवामाईचं, म्हणजे नर्मदेचंच, जे गाणं गातात ते या बँडने घेतलं, 2000 मध्ये आलेल्या त्यांच्या अल्बममध्ये आहे. आता तुम्हीच विचार करा, आमच्या घरच्या नळाला नर्मदेचं पाणी येतं, जलूदहून सत्तरेक किलोमीटर वर चढवून आणलेलं, लहानपणापासून नर्मदे हर ऐकलेलं, आणि एक दिवस दुकानात टेस्टिंगसाठी सीडी लावली तर त्यात बेस गिटारवर आपली नदी. मी काम थांबवून बसून राहिलो. स्पीकर बरोबर वाजतोय की नाही ते बघायचं होतं ते राहूनच गेलं. आणि हा बँड बघा कसा टिकला, 2009 मध्ये त्यांचा तबला वाजवणारा आणि गाणारा अशीम चक्रवर्ती गेला, 2013 मध्ये गिटारवाला सुस्मित सेन बाहेर पडला, तरी बँड चालू आहे. इंग्रजीची नक्कल करत बसले असते तर एवढी वर्षं लोकांनी जपलं असतं का, मला नाही वाटत. केरळात अवियल नावाच्या बँडने मल्याळममध्ये हेच केलं, नंतर थैक्कुडम ब्रिज आला, बंगलोरचा अगम कर्नाटकी संगीत घेऊन आला. दक्षिणेत हे कधीच सुरू झालं, आपण मागे आहोत.

आणि आता ब्लडीवूड. ज्यांना वाटतं की आपल्या भाषेत गायलं तर बाहेर कोण ऐकणार, त्यांनी या दिल्लीच्या पोरांकडे बघावं. करण कटियार हा वकील, चांगली नोकरी सोडून गिटार आणि बासरी घेऊन बसला, सुरुवातीला हे लोक दुसऱ्यांच्या गाण्यांच्या गमतीशीर नकला करून यूट्यूबवर टाकायचे. तिथेच राहिले असते तर आज त्यांना कोणी ओळखलं नसतं. पण मेटलमध्ये ढोल घातला, हिंदी-पंजाबी शब्द घातले, आणि 2019 मध्ये जर्मनीत वाकेनला जाऊन वाजवलं. वाकेन हे तसं एक खेडं आहे, आणि मेटल ऐकणाऱ्यांची तिथे दरवर्षी जत्रा भरते. 2022 मध्ये स्वतःच्या बळावर अल्बम काढला, 2025 मध्ये दुसरा आला तो अमेरिकेतल्या कंपनीकडून. तिथले गोरे लोक हिंदी शब्द ओरडत असतात, अर्थ माहीत नसताना! माझा हेल्पर पोरगा मला मोबाइलवर दाखवत होता आणि माझ्या अंगावर काटा आला. ढोलाला माइक कसे लावलेत ते मी तीनदा मागे करून बघितलं, कारण ढोल आणि डबल किक, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचा ड्रमसेटमधला मोठा ड्रम, एकत्र आले की खालचा सगळा आवाज चिखल होतो, आणि यांचा होत नाही, म्हणजे नुसता जोश नाही, डोकं लावलेलं काम आहे.

फक्त आपलंच नाही. मंगोलियाचा द हू आहे, घोड्याच्या डोक्याची सारंगी असते ना तिकडची, ती आणि घशातून काढलेला खर्ज, त्यावर हेवी रॉक, 2022 मध्ये युनेस्कोने त्यांना शांतिदूत कलाकार केलं. न्यूझीलंडचा एलियन वेपनरी माओरी भाषेत गातो. आणि इंडोनेशियाच्या गारुत नावाच्या गावातल्या तीन मुली, हिजाब घालून मेटल वाजवतात, शाळेतल्या एका मास्तरांनी 2014 मध्ये त्यांच्या हातात वाद्यं दिली, बँडचं नाव व्हॉइस ऑफ बाचेप्रोत, बाचेप्रोत म्हणजे त्यांच्या सुंदानी भाषेत गोंगाट करणारी, बडबडी. 2024 मध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. एका शाळेतला एक मास्तर, एवढंच लागलं. आमच्या इंदुरात किती शाळा आहेत, किती ठिकाणी ड्रमसेट आहे? बँडचा ड्रम असतो, 15 ऑगस्टच्या परेडपुरता, मग वर्षभर कपाटावर.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारलंय कोणता बँड, तर मी गोल-गोल बोलणार नाही. माझं मत अभंग रिपोस्टला.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुंबईची मराठी पोरं आहेत, संतांचे अभंग घेतात आणि इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम्सवर गातात. काही लोक म्हणतील हा रॉक नाही, फ्यूजन आहे, तर म्हणू देत, नावात काय ठेवलंय, समोर पंचवीस वर्षांची पोरं उड्या मारत तुकोबा गात असतील तर ते काय आहे ते ज्याने त्याने ठरवावं. आणि काही घरचे मोठे लोक म्हणतात की अभंगाला असं करू नये. त्यांचा मान ठेवून सांगतो, मी आषाढी एकादशीला दरवर्षी दिंडीच्या भजनाचं साउंड लावतो, आणि त्यात रॉक बँड आधीपासूनच आहे, कोणी बाहेरून आणून घातलेला नाही. पखवाजाची डावी बाजू, जिला कणीक लावतात, तिचा आवाज माइकमधून थेट किक ड्रमच्या जागी येऊन बसतो, मला इक्वलायझरही जवळजवळ तोच लावावा लागतो. टाळ हायहॅटच्या, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांच्या जागी. एकदम वरचा, चिरत जाणारा, जरा दुर्लक्ष झालं की कान फाडणारा आवाज. बुवा एक ओळ म्हणतात आणि मागे पन्नास माणसं तीच ओळ उचलतात, आणि मोठ्या रॉक शोमध्ये गाणारा माइक पब्लिककडे करतो तेव्हा हेच होतं. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे रॉकच्या चार-चार ठोक्यांचे दोन बार, ओढून-ताणून बसवायला लागत नाही, आपोआप बसतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लय. भजन सुरू होतं संथ आणि वाढत वाढत जातं, शेवटी गजर, सगळे उभे, कोणाला कशाचं भान नाही. मेटलवाले हेच करायला धडपडतात. आपल्याकडे हे सातशे वर्षांपासून चालू आहे.

म्हणून मला वाटतं या बँडकडे जे आहे ते विकत मिळत नाही. शब्द लोकांच्या आत आधीच बसलेले आहेत. सोलापूरचा असो, बडोद्याचा असो, इंदूरचा असो, मराठी घरात वाढलेल्याला पहिली ओळ ऐकली की दुसरी येते. एक काळजी पण आहे माझी, ती लिहायलाच पाहिजे. टाळी पडते ती बँडला पडते का तुकोबाला, हे बँडने रोज स्वतःला विचारलं पाहिजे. संतांच्या शब्दांवर उभं राहिलं की पहिला मजला आयता मिळतो, पण पुढचा आपणच बांधायचा असतो, आजच्या माणसाचं जे चाललंय, नोकरी, भाडं, एकटेपणा, त्याचे शब्द पण मराठीत रॉकवर यायला पाहिजेत. तुकोबांनी पण त्यांच्या काळाचंच लिहिलं होतं, दुष्काळ, कर्ज, देणेकरी, सगळं आहे त्यात.

आमच्या मालव्यात तर याची जमीन तयारच आहे. 1948 मध्ये कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, आजारी अवस्थेत देवासला आले, अंथरुणावर पडून मालवी बायकांची गाणी ऐकत राहिले, आणि बरे होऊन गायला लागले तेव्हा त्या गाण्यांनी त्यांचं गाणंच बदलून टाकलेलं होतं. प्रल्हादसिंह टिपानिया तंबुऱ्यावर मालवीत कबीर गातात, 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि मुंबईच्या कबीर कॅफे या बँडच्या नीरज आर्यला कबीर लागला तो त्यांचंच ऐकून. म्हणजे माल इथला, दुकान मुंबईत. इथली पोरं काय करतायत मग?

तर ते पण सांगतो, आणि खरं तर या पत्राला मी बसलो ते यासाठीच.

गेल्या गणपतीत एका कॉलनीत माझं साउंड होतं. नाव लिहीत नाही कारण कोणाला वाईट वाटायला नको. सांस्कृतिक संध्या, आधी लहान मुलांचे डान्स, मग फॅन्सी ड्रेस, मग महिला मंडळाचा कार्यक्रम, मग सत्कार, मग आणखी सत्कार, आणि सगळ्यात शेवटी चार पोरांचा बँड. चौघं तिथलेच, दोन मराठी, दोन मालवी घरातले. त्यांना अर्धा तास सांगितला होता. पावणेदहाला स्टेजवर चढले. दहाला लाउडस्पीकर बंद हा नियम आहे आणि तो असलाच पाहिजे, आजारी माणसं असतात, परीक्षेची मुलं असतात, मी स्वतः दहाच्या ठोक्याला पॉवर काढतो. पण दरवेळी ज्याची वेळ कापली जाते तो शेवटचा, आणि शेवटी ठेवतात नेहमी बँडलाच. संयोजकांपैकी एक जण मला येऊन म्हणाला, 'भिया, एखादं फिल्मी वाजवायला सांगा आणि संपवा.'

पोरांनी एकमेकांकडे बघितलं, गाणारा मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, 'काका, एकच वाजवतो, आमचं स्वतःचं आहे.' मी म्हटलं वाजव.

गाणं मिलच्या भोंग्यावर होतं. तुमच्या बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, इंदूर हे कापड गिरण्यांचं शहर होतं, हुकुमचंद मिल, मालवा मिल, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, सगळ्या बंद पडल्या, हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद झाली आणि कामगारांच्या हक्काचे पैसे मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला, 32 वर्षं, 224 कोटी रुपये, तोपर्यंत कितीतरी जण गेलेले होते. मिली गेल्या पण अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, अजून निघतात, रात्रभर लोक रस्त्यावर बसून बघतात. तर त्या पोरांपैकी एकाचे आजोबा मिलमध्ये होते आणि गाणं असं की घरात कोणी घड्याळ लावलं नाही कधी, भोंगा होता ना, आणि भोंगा बंद झाला त्या दिवसापासून घरात वेळच राहिली नाही. अर्ध्या ओळी मराठीत, अर्ध्या मालवीत, जसं ते घरी आणि गल्लीत बोलतात तसंच.

मधल्या जागेत गिटारवाल्या पोराने पाठ पब्लिककडे केली आणि अँपच्या, म्हणजे गिटारच्या स्पीकरच्या समोर जाऊन उभा राहिला, आणि शिट्टी सुरू झाली. फीडबॅक, स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरतो तो. साउंडवाल्याचा हात अशा वेळी विचार न करता फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर जातो, 24 वर्षांची सवय आहे, शिट्टी आली की आधी आवाज खाली, मग कारण शोधायचं. माझं बोट फेडरवर गेलं सुद्धा. आणि तेवढ्यात मला दिसलं की तो पोरगा अँपपासून हळूहळू एक-एक पाऊल मागे सरकतोय, आणि शिट्टी सरकत सरकत खाली येतेय, जाड होतेय. तो भोंगा काढत होता. मुद्दाम. त्या दहा-बारा हजारांच्या गिटारवर, माझ्या जुन्या अँपवर, अँपपासून किती अंतरावर उभं राहिलं की कुठला सूर धरतो हे त्याने आधी शोधून ठेवलेलं होतं, नंतर बघितलं तर स्टेजवर खडूने खुणा होत्या. मी फेडर खाली नाही केला, वर केला.

समोरच्या रांगेत खुर्च्यांवर म्हातारी माणसं बसलेली होती, सत्कारासाठी आलेली. त्यातल्या एका आजोबांनी तो आवाज आला तसं मनगट वर करून घड्याळात बघितलं.

दहाला तीन मिनिटं होती. गाणं संपायच्या आधीच स्टेजच्या बाजूने हात हलायला लागले, बंद करा, बंद करा. पोरांनी शेवटचं कडवं सोडलं आणि वायर गुंडाळायला लागले. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या, बक्षीस म्हणून चौघांना एक-एक पेन सेट मिळाला. तेव्हा मी त्यांच्यासाठी काही केलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं, निदान त्या पोरांना वाजवायला अँप तरी महिनाभर द्यायला हवा होता. आता देतो, दर मंगळवारी गोडाऊनवर येतात, शटर अर्धं खाली करून वाजवतात. बँडचं नाव अजून त्यांचंच पक्कं नाही म्हणून इथे देत नाही.

संपादक साहेब, मी असं म्हणत नाही की ही चार पोरं उद्या वाकेनला जातील. पण अभंग रिपोस्ट काय, ब्लडीवूड काय, सगळे अशाच कुठल्यातरी खोलीतून निघालेले असतात, आणि त्या खोलीतून स्टेजपर्यंतचा रस्ता आपल्याकडे नाहीये. कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवायला जागा आहेत. कॅफेवाले बोलावतात, लग्नवाले बोलावतात, पण अट एकच, लोकांना माहीत असलेलं वाजवा. मागे एका कॉलेजच्या फेस्टमध्ये तर लेखी दिलं होतं की स्वतःची गाणी चालणार नाहीत. स्वतःची गाणी वाजवायचीच नाहीत तर नवीन बँड येणार कुठून? कव्हर वाजवून हात तयार होतो, हे खरं आहे, मी त्याला कमी समजत नाही, पण किती वर्षं?

आणि पब्लिक नाही असं तर कोणी म्हणूच नये. 2024 च्या डिसेंबरमध्ये पंजाबी गायक दिलजीत इंदूरला आला तेव्हा शहर तिकिटांसाठी वेडं झालेलं होतं, आणि त्याने काय केलं, तर स्टेजवरून आमच्या राहत इंदौरी साहेबांचा शेर म्हटला. 2025 च्या जानेवारीत कोल्डप्ले अहमदाबादला वाजले तर माझा हेल्पर रात्रभर बसने गेला, एवढ्या लांब, परत येऊन दोन दिवस घसा बसलेला. सानंदसारखी संस्था मराठी नाटकं इंदुरात आणते आणि हॉल भरतो, मराठी माणूस तिकीट काढून बसतो. म्हणजे पैसे खर्च करणारे आहेत, लांब जाणारे आहेत, मराठीसाठी येणारे पण आहेत. ही सगळी माणसं एका जागी आणायची तेवढी राहिलीत.

माझ्या काही विनंत्या आहेत. इंदूरच्या सगळ्या गणेश मंडळांना आणि मराठी संस्थांना, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, सगळ्यांना, की दहा दिवसांतली एक संध्याकाळ स्वतःची गाणी करणाऱ्या पोरांना द्या, आणि सात वाजता द्या, पावणेदहाला नाही. सत्कार नंतर करा. सत्काराला माइक एकच लागतो आणि तो पाच मिनिटांत होतो. बँडला सेट व्हायला वेळ द्या, घाईत लावलेला बँड कोणालाच चांगला ऐकू येत नाही, आणि मग लोक म्हणतात की यांचं म्हणजे नुसता गोंगाट असतो, तर तो गोंगाट पोरांचा नसतो, वीस मिनिटांत सात माइक लावायला सांगितल्याचा असतो. जे मंडळ अशी संध्याकाळ ठेवेल त्याला माझं साउंड त्या दिवसापुरतं फुकट, हे मी पेपरात लिहून देतोय. जनरेटरचं डिझेल तेवढं त्यांनी बघावं.

आणि एक विनंती तुम्हाला. शहराच्या पानावर तुम्ही भजनसंध्या, व्याख्यान, पुण्यस्मरण, सगळ्याच्या चार-चार ओळी छापता, त्यात आठवड्यातून एकदा बँडच्या पण छापा, कुठे आहे, किती वाजता, कोणत्या भाषेत गातात. अलाहाबादच्या त्या मासिकाने दुसरं काय केलं होतं, या गावच्या पोरांना त्या गावचा बँड कळवला. आमचे बडोद्याचे, ग्वाल्हेरचे नातेवाईक तुमचा पेपर मोबाइलवर वाचतात, तिथे पण अशी पोरं असतीलच, त्यांना कळेल की इंदुरात पण कोणीतरी मराठीत वाजवतंय. पहिली माहिती मीच पाठवतो. येत्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, रामबागेत, गोडाऊनचं शटर पूर्ण वर. ते गाणं या वेळी शेवटच्या कडव्यापर्यंत होईल.

आपला,
एक साउंडवाला,
रामबाग, इंदूर